बायपासनंतर 'थायरॉईड' निघाला, म्हणजे नेमकं काय झालं?

समजा, निफाडकडचे एक नाना आहेत. पासष्टी गाठलेली, द्राक्षबाग मुलांच्या हवाली केलेली. नाशिकला त्यांची बायपास झाली, ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, तिसऱ्या दिवशी ते आयसीयूतून बाहेर आले. त्या दिवशीच्या रक्ततपासण्यांच्या गठ्ठ्यात एक थायरॉईड प्रोफाईलही होतं. टी-३ ०.४६, पुढे ठळक अक्षरांत 'लो'. टी-४ ५.२, म्हणजे कसाबसा मर्यादेत. टीएसएच १.८, अगदी नॉर्मल. सुनेनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात निदान होऊन गेलं: "नानांना थायरॉईड निघाला." सिन्नरच्या आत्याबाई म्हणाल्या, "मला थायरॉईडची पन्नासची गोळी चालू आहे, तीच द्या, काही होत नाही." धाकट्या मुलाला वाटलं, ऑपरेशनच्या वेळी गळ्याला काही धक्का लागला असावा. डॉक्टर राउंडला आले, रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाले, "याचं आत्ता काही करायचं नाही. दीड महिन्यानं परत बघू."

घरच्यांना हे पटत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. कागदावर 'लो' लिहिलंय, तरी काही करायचं नाही? नाना आणि त्यांचे आकडे मी उदाहरणासाठी रचलेत, पण असा रिपोर्ट हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सर्रास दिसतो. मग ती शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात झालेली असो, नाहीतर मुंबई नाक्यावरच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलात. डॉक्टरांचं उत्तरही बहुतेक वेळा बरोबर असतं. ते समजावून सांगायला राउंडमध्ये सवड नसते, एवढंच.

ग्रंथी धान्य देते, पीठ नाही

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती रक्तात दोन हार्मोन्स सोडते. टी-४ च्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. ग्रंथीतून बाहेर पडतो तो मुख्यतः टी-४, पण पेशींमध्ये जाऊन खरं काम करतो तो टी-३. आणि शरीरातला साधारण ८० टक्के टी-३ ग्रंथीत बनतच नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू हे अवयव टी-४ मधला एक आयोडीन काढून टाकतात आणि टी-३ तयार करतात.

घरात बाजरीची पोती रचलेली असली, तरी भाकरी थापायला पीठच लागतं. टी-४ ही ती बाजरी, टी-३ हे पीठ. यकृतात आणि इतर अवयवांत 'डिआयोडिनेज' नावाची एन्झाइम्स असतात, ती गिरणी. दळताना आयोडीन एका ठरावीक जागेवरचा निघाला तर पीठ मिळतं. दुसऱ्या जागेवरचा निघाला तर जे तयार होतं त्याला रिव्हर्स टी-३ म्हणतात. तो कोंडा, त्याची भाकरी होत नाही.

राहिला टीएसएच. हा थायरॉईडचा हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती टीएसएच सोडून थायरॉईडला 'माल पाठव' असा हुकूम देते. रक्तात थायरॉईड हार्मोन कमी पडले की टीएसएच वाढतो, जास्त झाले की घटतो. एरवी धडधाकट माणसाचा थायरॉईड तपासायला हा एक आकडा बहुधा पुरेसा असतो. साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असला की ठीक.

आता नानांचा रिपोर्ट पुन्हा बघा. ग्रंथी खरोखर निकामी झाली असती तर टीएसएच चढला असता; तो १.८ आहे. टी-४ सुद्धा तग धरून आहे. खाली आलाय तो फक्त टी-३. म्हणजे पोती घरात आहेत, गिरणी बंद आहे.

हृदयाला टी-३ एवढा का लागतो?

हृदयाच्या स्नायूला स्वतःचं दळण जवळजवळ करता येत नाही. तो रक्तातून आयता टी-३ उचलतो. त्यामुळे रक्तातला टी-३ घटला की त्याची झळ हृदयाला थेट बसू शकते.

टी-३ हृदयाच्या पेशींमध्ये काही जनुकांना चालना देतो. आकुंचन जोरकस करणारी प्रथिनं त्यामुळे बनतात. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतलं कॅल्शियम पटकन आवरून घेणारा एक पंप असतो, तोही टी-३ च्या हुकमावर चालतो. हे आवरणं नीट झालं तरच हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये पुरतं सैल होतं आणि पुढचं रक्त आत घेऊ शकतं. शिवाय टी-३ शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या सैल ठेवतो, म्हणजे हृदयाला कमी दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. थायरॉईड कमी असलेल्यांची नाडी संथ का चालते आणि वाढलेल्यांना छातीत धडधड का होते, याचं उत्तर इथंच आहे.

म्हणून डॉक्टरांना हा विषय कधी किरकोळ वाटला नाही. ज्या दिवसांत हृदयाला सगळी मदत हवी असते, नेमका त्याच दिवसांत टी-३ निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. हे ठीक आहे की घातक, यावर तीसेक वर्षं वाद चाललाय.

ऑपरेशनच्या टेबलावर काय काय घडतं

टी-३ आणि ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन ही जवळजवळ जुळी भावंडं. टी-३ चा शोध लंडनमध्ये १९५२ साली लागला. पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात जॉन गिबन या सर्जननं स्वतः विकसित केलेल्या यंत्रावर एका १८ वर्षांच्या मुलीचं रक्ताभिसरण सोपवून तिच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. माणसावर हे यंत्र यशस्वी झालं ते पहिल्यांदा तेव्हा. या यंत्राला थिएटरमध्ये सगळे नुसतं 'पंप' म्हणतात.

पंप सुरू करायच्या आधी त्याच्या नळ्या द्रवानं भराव्या लागतात, नाहीतर हवा शरीरात जाईल. मोठ्या माणसासाठी हा द्रव साधारण लिटर-दीड लिटर भरतो. शरीरात रक्त असतं पाचेक लिटर. पंप सुरू झाला की दोन्ही मिसळतात आणि रक्त पातळ होतं. हिमोग्लोबिन उतरतं, प्रथिनं उतरतात, आणि त्यांना चिकटून फिरणारे हार्मोन्सही उतरतात. टी-४ पैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. म्हणजे पहिली घसरण निव्वळ पाणी घातल्याची. ती ग्रंथीची नाही आणि यकृताचीही नाही.

दुसरी गोष्ट हेपारिनची. रक्त नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून हे औषध भरपूर द्यावं लागतं. हेपारिनमुळे एक एन्झाइम जागं होतं आणि ते रक्तातली चरबी फोडतं. गंमत म्हणजे हे काम सुईतून काढलेल्या रक्तातही, बाटलीतल्या बाटलीत, चालू राहतं. फुटलेल्या चरबीतली आम्लं प्रथिनांवर बसलेल्या टी-४ ला ढकलून जागा बळकावतात. लॅबमध्ये नमुना थोडा वेळ पडून राहिला तर 'फ्री टी-४', म्हणजे प्रथिनांना न चिकटलेला मोकळा टी-४, खोटाच जास्त दिसू शकतो. शरीरात असं काही झालेलं नसतं, सगळा खेळ बाटलीतला. म्हणूनच ऑपरेशननंतर लगेच केलेल्या थायरॉईड तपासणीच्या कुठल्याही एका आकड्यावर विसंबून निर्णय घेणं मला धोक्याचं वाटतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीराची प्रतिक्रिया. छातीचं हाड कापलेलं, रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरलेलं, अंग थंड करून पुन्हा उबवलेलं. शरीराला हे सगळं मोठ्या जखमेसारखंच असतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, सूज आणणारी रसायनं रक्तात उसळतात. या धामधुमीत टी-३ बनवणारी एन्झाइम्स मंदावतात आणि रिव्हर्स टी-३ बनवणारं एन्झाइम जोर धरतं. गिरणीतून पिठाऐवजी कोंडा पडायला लागतो. पिट्युटरीही गप्प बसते. एरवी रात्री टीएसएचला जो चढ येतो, तो येत नाही. त्यामुळे टी-३ एवढा घसरूनही टीएसएच वर जात नाही, नॉर्मल राहतो किंवा किंचित खालीच येतो.

त्यात औषधांची भर. रक्तदाब टिकवायला डोपामाइन दिलं असेल तर तेच टीएसएच दाबतं. स्टिरॉइड टीएसएचही दाबतं आणि टी-४ चं टी-३ होणंही कमी करतं. ठोके नियमित करायला दिलं जाणारं एमिओडारोन तर दळणाच्या मध्येच पाय घालतं. त्याची गोष्ट पुढे वेगळी सांगतो, कारण ती लांबते.

टी-३ चा तळ साधारण ऑपरेशननंतर १२ ते ४८ तासांत गाठला जातो, रिव्हर्स टी-३ त्याच सुमाराला शिखरावर असतो. गुंतागुंत झाली नाही तर आठवडाभरात आकडे सावरायला लागतात. नानांचा नमुना तिसऱ्या दिवशी गेला, म्हणजे आकडे अजून वाईटच दिसायच्या काळात. या सगळ्या चित्राला डॉक्टर 'लो टी-३ सिंड्रोम' म्हणतात. जुनं नाव 'सिक युथायरॉईड', म्हणजे आजारी माणसातली निरोगी थायरॉईड.

"पण आमच्या वडिलांची बायपास पंपाशिवाय झाली होती"

आपल्याकडे बरेच सर्जन धडधडत्या हृदयावरच बायपास करतात, पंप लावतच नाहीत. म्हणून हा प्रश्न रास्त आहे. अशा रुग्णांचा टी-३ तपासला तर तोही घसरलेला सापडतो. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतरही घसरतो. हार्ट अटॅकमध्ये, न्यूमोनियात, गंभीर भाजल्यावरही घसरतो. कुठलीही चिरफाड न करता दोन-तीन दिवस निरंकार उपास केला तरी टी-३ खाली येतो. म्हणजे पंप हा एकटा गुन्हेगार नाही. शरीर अडचणीत आलं की ते दळण आखडतं घेतं. हा ऊर्जा वाचवण्याचा शहाणपणा आहे, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. पहिल्या काही दिवसांपुरतं ते मलाही पटतं. आठवडे-आठवडे आयसीयूत पडलेल्या रुग्णाला मात्र तोच नियम लावता येईल का, यावर एकमत नाही.

मग टी-३ चं इंजेक्शन देऊन मोकळं का होत नाहीत?

सगळ्यात सरळ शंका हीच, आणि डॉक्टरांनाही ती आली होती. ज्यांचा टी-३ जास्त घसरतो, त्यांचे हाल जास्त होतात हे खरंच आहे. त्यांचा आयसीयूतला मुक्काम लांबतो. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णांमध्ये कमी टी-३ हे मृत्यूचा धोका वाढल्याचं लक्षण म्हणूनही समोर आलंय. मग टी-३ भरून काढला की माणूस बरा व्हायला नको?

१९९५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अमेरिकी अभ्यास आला. हृदयाची ताकद आधीच कमी असलेले १४२ बायपासचे रुग्ण घेतले, काहींना शिरेतून टी-३ दिला, बाकीच्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. टी-३ मिळालेल्यांचं हृदय पहिल्या काही तासांत जास्त रक्त फेकत होतं, रक्तवाहिन्याही सैलावल्या होत्या. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण आधाराची औषधं किती लागली, माणूस किती लवकर सुधारला, याच्यात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. पुढच्या वर्षी 'जामा' या नियतकालिकात २११ रुग्णांचा असाच अभ्यास आला. त्यात तर हृदयाला आधार देणारी औषधंही कमी झाली नाहीत.

याचा अर्थ काय लावायचा? आकडा सुधारणं आणि रुग्ण सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टी-३ कमी होतो कारण आजार गंभीर आहे. आजार गंभीर होतो तो टी-३ कमी झाल्यामुळेच, असं नाही. शिवाय टी-३ फुकट मिळत नाही. तो हृदयाची ऑक्सिजनची भूक वाढवतो आणि लय बिघडवू शकतो. बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साधारण चारातल्या एका रुग्णाला तशीही 'एट्रियल फिब्रिलेशन' ही हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता होते. त्यात आपण आणखी काडी कशाला घालायची, असा विचार होतो, आणि तो चुकीचा नाही.

ब्रेन-डेड दात्याचं हृदय प्रत्यारोपणासाठी टिकवायलाही थायरॉईड हार्मोन देण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती. २०२३ मध्ये ८३८ दात्यांवर त्याची रीतसर परीक्षा झाली. हार्मोन दिल्यानं जास्त हृदयं प्रत्यारोपित झाली, असं काही दिसलं नाही.

आणि आत्याबाईंची गोळी? ती टी-४ ची. बाजारात थायरॉईडची म्हणून जी गोळी मिळते, ती जवळजवळ नेहमी टी-४ चीच असते. गिरणी बंद असताना आणखी एक पोतं आणून टाकण्यात काय हशील? आयसीयूतल्या रुग्णांना टी-४ देऊन पाहण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकातच झाले होते; रुग्ण वाचण्याचं प्रमाण त्यानं वाढलं नाही.

तान्ह्या बाळांची गोष्ट थोडी वेगळी

जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळांची ऑपरेशनं लवकर करावी लागतात. बाळाच्या अंगात रक्तच थोडं, त्यामुळे पंपातल्या द्रवानं ते जास्त पातळ होतं. त्यांच्या नाजूक त्वचेतून आयोडीनयुक्त जंतुनाशकही शोषलं जातं, आणि एकदम जास्त आयोडीन मिळालं की कोवळी ग्रंथी काम थांबवते. दोन वर्षांखालच्या १९३ बाळांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या बाळांचा मिळून हिशेब केला तर टी-३ दिल्यानं व्हेंटिलेटर लवकर निघाला नाही. पाच महिन्यांखालच्या बाळांमध्ये मात्र फायदा दिसला. म्हणून काही ठिकाणी निवडक बाळांना टी-३ देतात. तो निर्णय बाळाच्या हृदयाचे डॉक्टर घेतात. त्याचा दाखला देऊन आजोबांना गोळी सुरू करू नये.

घरी आल्यावर टीएसएच चढला तर?

इथं बरीच फसगत होते. रुग्ण सावरायला लागला की पिट्युटरी जागी होते आणि राहिलेलं काम भरून काढायला जोरात हुकूम सोडते. काही आठवडे टीएसएच मर्यादेच्या वर जातो, कधी कधी २० च्या जवळपासही. नेमक्या याच काळात कुणीतरी 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेतं, रिपोर्टमध्ये टीएसएच ९ येतो, आणि जन्मभराची गोळी सुरू होते. ती खरोखर हवी होती का, हे नंतर कुणी तपासतही नाही.

लक्षणांवरूनही फसायला होतं. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, उदास वाटणं, भूक मंदावणं ही सगळी थायरॉईड कमी असल्याची लक्षणं आहेत, आणि बायपासनंतरच्या पहिल्या महिन्याचीही. निफाडला डिसेंबरात थंडी वाजते म्हणून कुणाची थायरॉईड तपासायची ठरवली, तर अख्खा तालुका लॅबच्या रांगेत उभा करावा लागेल.

मग खरा आजार ओळखायचा कसा? टीएसएच २० च्या वर आणि सोबत टी-४ स्पष्ट कमी, हे चित्र खऱ्या थायरॉईडच्या आजाराकडे बोट दाखवतं. गळ्याला गाठ असेल, पूर्वी थायरॉईड काढलेली असेल, रेडिओआयोडीनचा उपचार झालेला असेल, तर थांबू नका. रुग्ण झोपाळलेला वाटतोय, नाडी फार संथ आहे, अंग गार पडतंय, चेहऱ्यावर सूज आहे असं दिसलं तर दीड महिन्याची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

आधीपासून गोळी चालू असेल तर

वरचं सगळं वाचून कुणी चालू गोळी बंद करू नका. ज्यांची ग्रंथी खरोखर कमी काम करते, त्यांना गोळी ऑपरेशनच्या आधीही लागते, नंतरही. टी-४ रक्तातून निम्मा व्हायला साधारण सात दिवस घेतो, त्यामुळे ऑपरेशनच्या धावपळीत एक-दोन दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही. बहुतेक ठिकाणी ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत ती देतात. भूलतज्ज्ञांना विचारून घ्या.

खरी गडबड घरी आल्यावर होते. डिस्चार्ज कार्डवर दहा-बारा गोळ्या असतात. त्यांत रक्तवाढीची लोहाची गोळी असते, कधी कॅल्शियम असतं, ॲसिडिटीची पँटोप्राझोल असते. सून बिचारी सकाळच्या सगळ्या गोळ्या वाटीत काढून चहासोबत देते. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती रक्तात पोचतच नाही. या दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासानं. पँटोप्राझोलनं पोटातलं आम्ल कमी होतं आणि गोळी थोडी कमी शोषली जाते. ती बंद करायची नाही, पण ती सुरू झाल्याचं थायरॉईड बघणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

कृत्रिम झडप बसवलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. रक्त पातळ ठेवायला ते वॉरफेरिन किंवा तशाच जातीची गोळी घेतात आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर तपासत राहतात. थायरॉईडची गोळी नव्यानं सुरू केली किंवा वाढवली, की रक्त गोठवणारे घटक शरीरात लवकर संपतात आणि त्याच डोसनं रक्त जास्त पातळ होतं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, लघवीला लाल रंग, असं सुरू होऊ शकतं. आत्याबाईंच्या 'काही होत नाही'चा खरा धोका हा आहे. थायरॉईडच्या डोसमध्ये बदल झाला तर पुढचे काही आठवडे आयएनआर जास्त वेळा तपासायचा.

ज्यांची थायरॉईड उलट जास्त चालते, त्यांनी तर ती आटोक्यात आणल्याशिवाय ठरवून करायच्या ऑपरेशनला उभंच राहू नये. भूल आणि शस्त्रक्रियेच्या ताणानं त्यांची तब्येत एकाएकी धोकादायक बिघडू शकते.

एमिओडारोन, अँजिओग्राफीचं औषध आणि आयोडीन

ऑपरेशननंतर ठोके अनियमित झाले तर एमिओडारोन देतात. औषध कामाचं आहे, पण त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग निव्वळ आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम. त्यातलं रोज सुमारे ६ मिलिग्रॅम शरीरात मोकळं होतं, आणि माणसाची रोजची गरज आहे ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे चाळीसपट. शिवाय औषध चरबीत साठून राहतं, बंद केल्यावरही काही महिने परिणाम करत राहतं. कुणाची ग्रंथी यानं मंदावते, कुणाची भडकते. गोळी महिनाभरात बंद झाली तर सहसा काळजी नसते. ती पुढे चालू राहिली तर सुरुवातीला एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी टीएसएच बघायला हवा. वजन कारणाशिवाय उतरू लागलं, हात थरथरू लागले, शांत झालेली धडधड पुन्हा सुरू झाली, तर लगेच.

"आमची तर नुसती अँजिओप्लास्टी झाली" असं म्हणणाऱ्यांनाही आयोडीन चुकलेलं नाही. अँजिओग्राफीच्या औषधात दर मिलिलिटरला साधारण ३०० ते ३७० मिलिग्रॅम आयोडीन असतं. बहुतेक सगळं बांधलेल्या रूपात लघवीवाटे निघून जातं, पण मोकळा असतो तो थोडासा भागही रोजच्या गरजेच्या कितीतरी पट भरतो. धडधाकट ग्रंथी काही दिवस काम आवरतं घेते आणि पूर्वपदावर येते. गळ्यात जुन्या गाठी असलेल्यांनी मात्र ते कार्डिऑलॉजिस्टला आधीच सांगावं.

आणि मीठ. बायपासनंतर 'मीठ कमी' ऐकलं की अर्ध्या घरांत सैंधव येतं. सैंधव हेही सोडियमच, त्यामुळे रक्तदाबाला त्याचा वेगळा फायदा नाही. आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल तर त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनयुक्त साधं मीठच वापरा, कमी वापरा. थायरॉईडच्या धास्तीनं टाळले जाणारे कोबी-फ्लॉवर शिजवून, घरात नेहमी होतात तेवढे खायला हरकत नाही.

पुन्हा तपासणी कधी आणि कशी

ऑपरेशनला सहा ते आठ आठवडे झाले, ताप किंवा जखमेत पू असं काही नसलं, की तपासा. टीएसएच आणि फ्री टी-४ एवढं पुरे. त्या वेळी टी-३ साठी वेगळे पैसे घालायची सहसा गरज नसते, रिव्हर्स टी-३ साठी तर नाहीच. चालू गोळी असेल तर त्या सकाळी रक्त दिल्यावर घ्या. केस-नखांसाठी म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या कमीत कमी दोन दिवस आधी थांबवा. काही लॅबमधल्या यंत्रांना त्या चकवतात. घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला ऑपरेशनची तारीख आणि चालू औषधं फॉर्मवर लिहायला सांगा.

आणि एक जुना कागद शोधा. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांच्या तपासणीसाठी जे रक्त गेलं होतं, त्यात बऱ्याचदा टीएसएचही असतो. तो फाईलच्या तळाशी, ईसीजी आणि एक्स-रेच्या मध्ये कुठेतरी अडकलेला सापडेल. तो आकडा नॉर्मल असेल आणि दीड महिन्यानंतरचाही नॉर्मल असेल, तर मधल्या तिसऱ्या दिवसाच्या 'लो' कडे डॉक्टर बघणारही नाहीत. जुनाच आकडा ८ किंवा १२ असेल, तर मात्र प्रश्न बायपासच्या आधीचा आहे, आणि तो थायरॉईडच्या डॉक्टरांसमोर ठेवायला हवा.